कोबाल्ट तात्या

आमच्या प्रयोगशाळेत एक माणूस असा होता, की नवा दगड हातात आला की आधी त्याला जीभ लावायचा आणि मग त्याचं नाव विचारायचा. इंदापूरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं. एका बागायतदारानं आपल्या विहिरीतली म्हणून एक पांढरीशुभ्र गारगोटी रुमालात बांधून आणली होती. निळा ॲप्रन घातलेले, चष्मा कपाळावर चढवलेले एक उंच गृहस्थ ती खिडकीच्या उजेडात फिरवत होते. त्यांनी जिभेचं टोक तिला लावलं, डोळे मिटले आणि शांतपणे सांगितलं, की ही तुमच्या विहिरीतली नाही, पार नदीकाठच्या विहिरीतली आहे. बागायतदार ओशाळला. गारगोटी खरोखरच त्याच्या मेव्हण्याच्या विहिरीतली निघाली. मी तर थक्कच झाले. नंतर त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की चवीचा काही संबंध नाही. दगड ओला केला की त्याचा खरा रंग दिसतो, एवढंच. बाकी, रुमालावर मेव्हण्याच्या दुकानाचं नाव आणि नदीकाठचं गाव छापलेलं होतं.

हे आमचे कोबाल्ट तात्या. प्रयोगशाळेचे परिचर. हजेरीपटावर त्यांचं वेगळं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायचं. बाटल्यांतलं काही चाखण्याच्या ते सक्त विरोधात होते आणि तसं करू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी कान धरून बाहेर काढलं होतं. त्यानं उलट त्यांच्याच सवयीकडे बोट दाखवलं, तेव्हा तात्या म्हणाले, "बाटलीवर लेबल असतंय. दगडाला कोन लेबल लावतंय? त्याला इचारावं लागतंय."

तात्या मूळचे सुप्याकडच्या एका कोरडवाहू गावचे. त्यांच्या आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा घरात एकच नियम केला होता, की पोरानं शाळा चुकवायची नाही, मग घरात काही असो वा नसो. तात्यांनी शाळा चुकवली नाही, पण बारावीला गणितानं त्यांना चुकवलं. मग ते आमच्या कॉलेजात लागले आणि तीस-बत्तीस वर्षं तिथंच राहिले. तेवढ्या काळात त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली मुलं डॉक्टर झाली, कारखान्यात केमिस्ट झाली, दोघं-तिघं तर आमच्याच कॉलेजात प्राध्यापक होऊन आली. तात्या त्यांनाही परीक्षानळी नीट धुतली नाही म्हणून परत पाठवायचे.

कोबाल्ट हे नाव पडलं ते कागदी फुलांमुळे. टीपकागदाची फुलं करून तात्या ती कोबाल्ट क्लोराईडच्या द्रावणात बुडवायचे, वाळवायचे आणि स्टाफरूमच्या खिडकीत लावायचे. हवा कोरडी असली की फूल निळं, दमट झाली की गुलाबी. इंदापुरात ते बहुतेक वर्षभर निळंच असे. एखाद्या दिवशी जरा जांभळट झालं की स्टाफरूममध्ये खळबळ उडायची. द्राक्षबागवाले फोन करून फुलाचा रंग विचारायचे. एकदा स्नेहसंमेलनाच्या दिवशी फूल गुलाबी झालं म्हणून प्राचार्यांनी मांडव हलवायला सांगितला, सगळ्यांची धावपळ झाली, आणि मग कळलं की शिपाईबाईंनी खिडकी पुसताना त्यावर पाणी उडवलं होतं. तात्या आठवडाभर ते सांगून हसत होते. हसताना ते टेबल दोन्ही हातांनी धरायचे, जणू काही टेबलच पळून जाईल.

त्यांचा एक प्रश्न मात्र सगळ्यांना जेरीस आणायचा. कपाटातली कुठलीही बाटली काढायची आणि विचारायचं, हे कुठनं येतं? नवखा प्राध्यापक सांगायचा, कंपनीकडून. तात्या विचारायचे, "आन् त्याच्या आधी कुठनं?" तिथं बहुतेकांची विकेट पडायची. मग तात्या स्वतःच शोधायला निघायचे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची रजा, सगळी त्यातच जायची. मीठ बघायला ते मिठागरांवर जाऊन आले. मँगनीज बघायला भंडाऱ्याकडे गेले. गंधक, चुना, तुरटी, एकेका बाटलीमागचा दगड किंवा माती त्यांनी पाहून ठेवली होती आणि बाटलीच्या बुडाशी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती. मी मोजलं नाही, पण खूण नसलेल्या बाटल्या अगदी थोड्या होत्या. त्यांतलीच एक कोबाल्ट नायट्रेटची. आयुष्यभर ज्याच्या नावानं हाका ऐकल्या, तेच दगडाच्या रूपात कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे नुसती कोबाल्टची अशी खाण नाही, हे मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं, तेव्हा ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू ती खाण मीच बंद केली.

तात्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. तिची आई लवकर गेली. तात्यांनी तिला वाढवलं, ती नर्स झाली, पुण्याच्या एका दवाखान्यात रमली आणि एक दिवस इंग्लंडला निघून गेली. नोकरी मिळाली ती कॉर्नवॉल नावाच्या भागात. इंग्लंडचं पार नैऋत्येचं टोक, तिन्ही बाजूंना समुद्र. पहिल्या वर्षी ती सारखे फोटो पाठवायची. एका फोटोत समुद्राच्या कड्यावर एक पडकी दगडी इमारत होती आणि तिला उंच धुराडं. तात्यांनी तो मला दाखवला आणि विचारलं, की समुद्रात हे गुऱ्हाळ कुणी घातलं. मी शोधून सांगितलं, की ही कथलाची आणि तांब्याची जुनी खाण. शे-दोनशे वर्षं तिथं माणसं समुद्राच्या तळाखाली जाऊन खणत होती. मग मी पुढचं वाचायला लागले. तिथं सापडणाऱ्या खनिजांची यादी होती आणि त्यात, कोबाल्टाची खनिजं. एक चांदीसारखं करडं, आणि त्यावर हवापाणी लागून फुलणारं एक गुलाबी. मी वाचत होते आणि तात्या उभे राहिले. कपाटाकडे गेले, कोबाल्ट नायट्रेटची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात पासपोर्टच्या रांगेत उभे होते.

व्हिसाचा अर्ज मी भरला. येण्याचं कारण, मुलीला भेटणे. तात्यांना ते अर्धवट वाटलं. दगड पण लिहा म्हणाले. मी खूप समजावलं, की सरकारी कागदावर दगड लिहिला तर तिथले लोक भलताच अर्थ काढतील. शेवटी तडजोड म्हणून सोबतच्या पत्रात आम्ही 'खनिजशास्त्राची आवड' एवढं घातलं. व्हिसा मिळाला. मग बॅग. प्रज्ञासाठी शेंगदाण्याची चटणी, कुरडया, आणि उरलेल्या जागेत आपल्या विहिरींतले दगड. मोकळ्या हातानं कुणाच्या दारात कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. गोधडीत गुंडाळलेले, डब्यात भरलेले, मोज्यात कोंबलेले. मुंबईच्या विमानतळावर यंत्रानं ती बॅग बघितली आणि तात्यांना बाजूला घेतलं. अधिकाऱ्यानं मोजे उलटे केले. तात्यांनी त्याला प्रत्येक दगडाची जन्मकथा सांगितली, कुठल्या गावची विहीर, किती फुटांवर लागला, कुणी आणून दिला. तो अधिकारी करमाळ्याकडचा निघाला. त्याच्या चुलत्याच्या विहिरीतून असलेच दगड निघाले होते आणि ते त्यांनी गोठ्याच्या पायात घातले होते. हे ऐकून तात्यांनी त्याला इतका वेळ हळहळून दाखवलं, की विमान सुटायची वेळ झाली आणि शेवटी त्यानंच त्यांना दारापर्यंत सोडलं.

त्या सहा आठवड्यांत दर रविवारी तात्यांचा व्हिडिओ फोन यायचा आणि मी भवानीनगरच्या घरी पोरांना गप्प बसवून तो ऐकायचे. तिथं त्यांना जॅक नावाचा एक म्हातारा भेटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, खाण बंद होईपर्यंत तिच्यात राबलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा प्रज्ञानं त्याची शुश्रूषा केली होती. त्यालाही दगडांचं वेड. प्रज्ञा ड्यूटीवर गेली की हे दोघे आणि समुद्र. तात्यांचं इंग्रजी म्हणजे प्रयोगशाळेचं इंग्रजी, त्यापलीकडे शब्द नाही. पण ते अडले नाहीत. जॅकच्या घरचा चहा पिऊन ते म्हणाले, "व्हेरी डायल्यूट." मग स्वतः उठून गॅसवर भांडं ठेवलं आणि जॅकला शिकवलं, "ॲड टी पावडर. हीट जेंटली. देन शेक." जॅकनं तो चहा संपवला आणि कप पुन्हा पुढे केला. समुद्राबद्दल तात्यांचं मत 'सॅच्युरेटेड' असं होतं. गारठ्यात नाक वाहायला लागलं की 'फिल्टरेशन' म्हणायचे. जॅक हसून हसून काठी टाकायचा आणि तात्यांनी ती उचलून द्यायची. ते सांगताना तात्या फोन हलवायचे आणि मला कधी छत दिसायचं, कधी कान.

जॅकनं त्यांना खाणीच्या गोष्टी सांगितल्या. समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यात वादळाच्या दिवशी डोक्यावर मोठे धोंडे गडगडताना ऐकू यायचे. कोबाल्टाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं. भट्टीत घातलं की धातू निघायचा नाही, विषारी धूर तेवढा निघायचा, म्हणून जर्मन खाणकामगारांनी त्याला खोडकर भुताचं नाव दिलं आणि तेच नाव राहिलं. आपलं नाव भुताचं आहे हे कळल्यावर तात्या भलतेच खूश झाले. स्टाफरूमला लगेच सांगा म्हणाले.

पण तो दगड काही मिळेना. जॅकला कड्याखालची एक जागा माहीत होती, तरुणपणी तिथं गुलाबी डाग पाहिले होते. दोघे काठ्या टेकत गेले, तर तो कडा समुद्रानं केव्हाच खाल्लेला. मग टाकाऊ दगडांचे जुने ढीग. कुणाच्या जागेत ते होते, त्यांची परवानगी जॅकनं काढली. त्यांवर झुडपं माजलेली. दोघांनी रोज सकाळी तिथं बसून दगड उलटे केले, संध्याकाळपर्यंत. पावसानं तात्यांचा गुडघा धरला. पाचव्या रविवारी फोनवर ते पहिल्यांदाच हसले नाहीत. प्रज्ञानं मला वेगळा मेसेज केला, की पप्पा जेवत नाहीत नीट, मॅडम तुम्ही सांगा काही. मी काय सांगणार. एवढं लांब जाऊन त्या बाटलीमागचा दगड न बघता हा माणूस परत आला, तर त्याच्याकडे मला बघवलं नसतं.

परत निघायला चार दिवस उरले होते. त्या दिवशी तात्या आणि प्रज्ञा बाजाराला जायला बसथांब्यावर उभे होते. प्रज्ञाच्या घरापासून हा थांबा शंभर पावलांवर, ती रोज सकाळी इथूनच दवाखान्यात जायची. थांब्याच्या मागं दगड रचून केलेला एक जुना बांध होता, कुणाच्या तरी परसाचा. पाऊस नुकता थांबलेला. ओल्या दगडांचे रंग वर आलेले. तात्या सवयीनं बघत होते आणि बघता बघता वाकले. कमरेच्या उंचीवर एका करड्या दगडाच्या भेगेत गुलाबी पापुद्रा होता, लहान मुलाच्या नखाएवढा, आणि त्याच्या खाली आणखी, आणि त्याच्या खाली आणखी. खाणीतला टाकाऊ दगड गावानं बांधाला वापरला होता, शंभर वर्षांपूर्वी. तात्यांनी जीभ बाहेर काढली. प्रज्ञानं मागून कॉलर धरून त्यांना खेचलं, कारण त्या गुलाबीत आर्सेनिक असतं, हे मी तिला आधीच चार वेळा कळवून ठेवलं होतं.

या ओढाओढीनं घरातून एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली. तिच्या बांधाला नाक लावून एक परका गृहस्थ उभा आणि एक मुलगी त्याची कॉलर धरून. तात्यांनी कोट नीट केला आणि गंभीरपणे तिला सांगितलं, "मॅडम, युवर वॉल. कोबाल्ट. टेस्ट पॉझिटिव्ह." बाईंना वाटलं आपल्या बांधाला काहीतरी रोग झाला. जॅकला बोलवावं लागलं. जॅकनं भिंग लावून बघितलं आणि थांब्याच्या बाकावर बसला. पोरवयापासून खाणीत जाताना रोज तो याच बांधापाशी बसची वाट बघत असे.

दगड काढून घ्या, बाई म्हणाल्या. तात्यांनी नकार दिला. तो दगड बांधाच्या मधोमध होता, ओढला असता तर वरचा सगळा रचाव खाली आला असता. दुसऱ्याचा बांध पाडून आपली हौस फेडायची नाही, एवढं त्यांचं स्वच्छ होतं. मग त्यांनीच उपाय काढला. सुप्याकडच्या माळावर त्यांच्या बापानं आयुष्यभर असेच बांध घातले होते, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. तात्या लहानपणी ते शिकले होते. दोन दिवस ते आणि जॅक त्या बाईंचा बांध वरून हलक्या हातानं उतरवत आणि पुन्हा रचत होते. प्रज्ञा रजा काढून दगड देत होती. बस आली की ड्रायव्हर खिडकीतून विचारायचा, अजून किती राहिलं. करडा-गुलाबी दगड निघाला, त्याच्या जागी तात्यांनी आपला एक काळा दगड बसवला, पोटात पांढरे स्फटिक असलेला, इंदापूरच्या मातीतला. बाईंनी बांधाला हात लावून हलवून पाहिला आणि आधीपेक्षा घट्ट झाल्याचं सांगितलं. संध्याकाळी सगळ्यांना केक दिला. तात्यांना तो 'कॉन्सन्ट्रेटेड' वाटला.

तात्या परतले ते थेट कॉलेजात. बॅग घरी न नेता. नव्या प्राचार्यांनी त्यांचं व्याख्यान ठेवलं. तीस-बत्तीस वर्षं ते ज्या टेबलाच्या मागं उभे राहून साहित्य मांडत होते, त्याच्या पुढं त्या दिवशी पहिल्यांदा उभे राहिले. ॲप्रन न घालता, इस्त्रीचा शर्ट घालून. सुरुवातीला त्यांना हात कुठं ठेवावे कळेना. मग त्यांनी काचेच्या डबीतला दगड वर धरला आणि चहापासून सगळं सांगायला सुरुवात केली. मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली. मागं उभे असलेले आम्ही प्राध्यापक डोळे पुसत होतो. एका मुलीनं विचारलं, की हा दगड आता तुम्ही घरी ठेवणार का. तात्या म्हणाले, "घरी कशाला? घरी कोन परीक्षा देतंय." डबी त्यांनी कपाटात ठेवली, कोबाल्ट नायट्रेटच्या बाटलीशेजारी, आणि बाटली उलटी करून बुडाशी पेन्सिलीनं खूण केली.

मागच्या हिवाळ्यात तात्या गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. प्रज्ञा आली. विहारातला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. समोरून उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक भवानीनगरकडे चालले होते. तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तात्यांनी इतक्या रविवारांत आणि इतक्या गप्पांत मला कधी सांगितली नव्हती.

तात्या तिकडे गेले तेव्हा ती मनातून घाबरलेली होती. तिनं तिथं कायमचं राहायचं ठरवलं होतं. राहतं घर विकत घेतल्याची कागदपत्रं झाली होती. आपण परत कधी येणार, हे पप्पा विचारणार आणि आपल्याला त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार, म्हणून ती रोज थोडी जास्तच ड्यूटी घ्यायची. त्यांनी एकदाही विचारलं नाही. शेवटच्या सकाळी बॅगा घेऊन दोघं थांब्यावर आले तेव्हा तिलाच राहवलं नाही. तिनं सांगून टाकलं, की पप्पा, मी आता परत यायची नाही.

तात्यांनी मान हलवली. "म्हायती हाय मला," ते म्हणाले. "पयल्या दिवशी घरात शिरताना तू मला म्हनलीस, पप्पा, चपला हितं काढायच्या. भाड्याच्या घरात मानूस चपला कुठंबी काढतो."

ती एवढ्या दिवसांचं रडू रडली आणि मध्येच हसायलाही लागली. तात्याही हसायला लागले. धरायला टेबल नव्हतं म्हणून त्यांनी तिचे खांदे धरले. तेवढ्यात बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं यांच्याकडे बघितलं, जरा वेळ थांबला आणि निघून गेला. पुढची बस तासाभरानं होती. विमानाला वेळ होता. दोघं बाकावर बसून राहिले. प्रज्ञा म्हणाली, त्या तासात पाऊस येऊन गेला, मागचा सगळा बांध ओला झाला, दगडांचे रंग वर आले. पण पप्पांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.